हजेरीच्या सह्या

“पाद्रीन मिस्सा म्हणची, बाप्तिस्मे दिवचे, मयताक येवचां. डोंगर हो पाद्रीचो विषय न्हय.”

हे वाक्य मी माझ्या हाताने लिहून घेतलं आहे. जुलै महिना होता, चर्चच्या हॉलच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी मी वही घेऊन बसले होते. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या लोकांत, सभेचं टिपण लिहायचं काम माझ्याकडे असतं. माझं इंग्रजी बरं आहे, अक्षर वाचता येतं, आणि मुख्य म्हणजे मी सभेत कधी बोलत नाही. न बोलणाऱ्याच्या हातात वही दिली की सगळ्यांना सुरक्षित वाटतं.

बोलणारा माझा पादीन होता. पादीन म्हणजे धर्मपिता. माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने मला हातांवर धरलं होतं, आणि आमच्याकडे आईवडिलांच्या खालोखाल त्याचाच मान. पप्पांचा चुलतभाऊ. चर्चची जमीन, छप्पर, दिवे, दुरुस्त्या बघणारी जी समिती असते, तिला आम्ही फाब्रिक म्हणतो. तिच्यात तो मला कळायला लागल्यापासून आहे. तो उभा राहिला की लोक चहाचा कप खाली ठेवतात.

गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं आमचं गाव सड्याच्या पायथ्याशी आहे. वर सडा म्हणजे कातळाचं पठार, उतारावर काजू, खाली भातशेतं. उताराच्या पोटातून एक झर निघते आणि तिचं पाणी पाटाने सगळ्यात आधी आमच्या शेतात येतं. आमच्या म्हणजे मम्मीच्या. पप्पा जहाजावर असतात. मम्मी सावंतवाडीकडची. ती लग्न होऊन इथे आली तेव्हा या शेतात गुडघाभर गवत होतं. तिने ते लागवडीखाली आणलं. चर्चच्या बाजूची बाकीची शेतं पडीक आहेत. त्यांचे मालक लंडनला नाहीतर कुवेतला. त्यामुळे चर्चच्या पायऱ्यांवरून बघितलं तर पावसाळ्यात एकच तुकडा पोपटी दिसतो, तो मम्मीचा.

दोन वर्षांपूर्वी सड्यावरची जमीन विकली गेली. विकणाऱ्यांत पादीन पहिला होता. बाहेरच्या कुठल्याशा कंपनीला तिथे बंगले बांधायचे आहेत, प्रत्येक बंगल्याला पोहायचा तलाव. पण सड्यावर मोठी गाडी जाईल असा रस्ता नाही. काढायचा झाला तर एकाच पट्ट्यातून निघतो, तो पट्टा चर्चचा आहे आणि नेमका झरीच्या डोक्यावर आहे. फाब्रिकेने ठराव केला आणि पाद्रीने सही केली तरच तो पट्टा देता येतो. आमचा पाद्री सही करत नव्हता. एवढीच गोष्ट होती. त्यानंतर धर्म, नीती, पर्यावरण, पुढारीपण असं जे काही बोललं गेलं, ते सगळं या एका सहीभोवती फिरत होतं, आणि हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

आमचं चर्च निसर्गाच्या विरोधात आहे असं मात्र कोणी समजू नये. आम्ही दर वर्षी मुलांची ‘पृथ्वी वाचवा’ चित्रस्पर्धा घेतो. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, प्लास्टिकचे ग्लास बंद केले आहेत. सृष्टीची काळजी घ्या म्हणून वरिष्ठांकडून पत्र येतं, ते वेदीवरून वाचलं जातं आणि सगळे आमेन म्हणतात. पृथ्वी लांब कुठेतरी असते तोवर आमचं तिच्यावर फार प्रेम असतं.

पाद्रीने केलेली चूक एवढीच की त्याने शेर्मांवात, म्हणजे मिस्सेच्या प्रार्थनेतल्या प्रवचनात, पृथ्वी हा शब्द न वापरता आमच्या सड्याचं नाव घेतलं.

मी त्याला संत करून ठेवणार नाही. तो चाळिशीतला होता, उतावळा होता, आणि आपलं बरोबर आहे हे कळल्यावर समोरच्याला थोडा वेळ द्यायचा असतो हे त्याला जमत नसे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, एका रविवारी तो म्हणाला होता, “तीस नाण्यांना येशूला विकणारा निदान नंतर पस्तावला.” आणि म्हणताना त्याची नजर पुढच्या बाकांवर गेली. पुढच्या बाकांवर पादीन बसतो. त्याच्या नातवाच्या पहिल्या कुमगाराच्या, म्हणजे फर्स्ट कम्युनियनच्या, पार्टीला पाद्री गेला पण जेवला नाही, पाणी पिऊन आला. हेही लोकांनी मोजून ठेवलं होतं.

जुलैची ती सभा खरं म्हणजे कणसांच्या फेस्ताची होती. ऑगस्टमध्ये पाद्री शेतात येऊन भाताच्या पहिल्या कणसांना आशीर्वाद देतो, कणसं कापून मिरवणुकीने वेदीवर नेतात आणि मग घरोघर एकेक जुडी देतात. कणसं चर्चच्या सगळ्यात जवळच्या शेतातली घ्यायची असा रिवाज आहे, म्हणजे गेली कित्येक वर्षं मम्मीच्या. सभेत ठरवायचं होतं ते बँड कोण आणणार, भजी कोण तळणार एवढंच. पण मम्मी उभी राहिली.

“कणसं देते मी,” ती म्हणाली. “दर वर्षी देते. पण गेल्या पावसात वर नुसती साफसफाई म्हणून जेसीबी फिरवला, तर खालच्या कोपऱ्यात इतका लाल चिखल आला.” तिने हाताने गुडघा दाखवला. “घमेल्याने काढला आम्ही दोघींनी. रस्ता झाला तर झरच बुजेल. मग कणसं कोरगावच्या बाजारातून आणणार काय?”

कोणीतरी हसलं. पादीन उठला आणि त्याने ते वाक्य म्हटलं, मिस्सा, बाप्तिस्मे आणि मयत.

“पण भावोजी, मी पाद्रीचं नाव घेतलं कुठे? मी माझ्या शेताचं बोलत्ये.”

“तुका शिकयता कोण तां सगळ्यांक खबर असा.”

“मला शिकवायला पाद्री कशाला लागतो? चिखल माझ्या पायाला लागला.”

आता हॉलमध्ये खरं हसू आलं, आणि पादीनचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून एक ट्रकवाला उठला. तो मूळचा डिचोली तालुक्यातला, बायकोच्या गावी येऊन राहिलेला. खाणीवर त्याचा ट्रक होता.

“हांव एक सांगतां,” तो म्हणाला. “आमच्या थंय असेच बरे बरे लोक आयले. डोंगर वाचवा, न्हंयचें उदक वाचवा. खाणी बंद झाल्यो. डोंगर वाचलो का ना माका खबर ना, माझो ट्रक अजून अंगणात कुसता. फादर, तुमचो पगार बंद जायना. आमचो जाता.”

पाद्री म्हणाला, “तुझं म्हणणं खरं आहे. पण खाणीचा फायदा तुला किती झाला आणि मालकाला किती, हे तूच मला सांगितलं होतंस. इथे तर तुझा ट्रक माती वाहणार सहा महिने. नंतर गेटवर वॉचमन असेल, तो तुला आत सोडणार नाही.”

“सहा म्हयने थोडे न्हय, फादर. तुमका थोडे.”

मला अजूनही वाटतं की पाद्री तिथे थांबला असता, “थोडे नाहीत, खरंच नाहीत” एवढं म्हणाला असता, तर पुढचं कदाचित झालं नसतं. पण तो म्हणाला, “मी इथे असेपर्यंत त्या कागदावर सही होणार नाही. हवं तर लिहून ठेवा.”

आणि माझ्याकडे बघितलं. मी लिहून ठेवलं.

सभा संपताना मी हजेरीचा कागद फिरवला. आमच्याकडे त्यावर मथळा आधी घालत नाहीत. सभा कसली होती ते शेवटी ठरतं, कारण फेस्ताची म्हणून बोलावलेली सभा छपराची होते आणि छपराची म्हणून बोलावलेली भांडणाची. म्हणून वर तीन बोटं कोरी जागा सोडायची, खाली ओळी आखायच्या आणि सह्या घ्यायच्या. वहीची पानं लहान पडतात म्हणून सुटे फुलस्केप कागद. सगळे करतात, कोणी वाचत नाही, वाचायला असतंच काय. लोक चपला घालता घालता, भिंतीला कागद टेकवून, एकमेकांच्या पाठीवर ठेवून सह्या करत होते. सगळ्या सह्या रोमी लिपीत. एकटी मम्मीची मराठीत, गोल, सावकाश केलेली, शाळेत शिकवली तशी. तिच्या खाली आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या मावशीची. ती सभेत कोणीही काही बोललं तरी मान हलवते. त्या दिवशी तिने पादीनलाही मान हलवली होती, मम्मीलाही आणि ट्रकवाल्यालाही.

आठवड्याने पादीन घरी आला. मम्मी शेतात होती. मी त्याच्याकडे बेसांव मागितलं, म्हणजे हात जोडून आशीर्वाद मागितला, त्याने दिला, आणि मग खिशातून घडी केलेला कागद काढला.

“बाय, म्हाजां इंग्लिश तुका खबर असा. मातशें नीट करून दी.”

वरिष्ठांना लिहिलेलं पत्र होतं ते. पाद्री लोकांत फूट पाडतो. देवाचं सोडून राजकारण करतो. वेदीवरून माणसांचा अपमान करतो. पॅरिशच्या भल्यासाठी त्याची बदली व्हावी. मी वाचलं. मला सगळं समजलं. कोणी मला फसवलं नाही, हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण नंतर मी स्वतःला बरेच दिवस तसं सांगत होते.

मी म्हणू शकले असते, पादीन, हे मी करणार नाही. इंग्रजी शाळेत बारा वर्षं मला ‘एक्सक्यूज मी’ आणि ‘सॉरी’ आणि ‘थँक्यू’ शिकवलं. नाही कसं म्हणायचं ते कुठल्याच इयत्तेत नव्हतं. शिवाय तो माझ्या घरात, माझ्या समोर, पप्पांच्या खुर्चीत बसला होता आणि मी त्याच्यासाठी चहा टाकला होता. मी पेन घेतलं. चुका दुरुस्त केल्या. एवढंच केलं असतं तर मी आज स्वतःवर थोडी कमी चिडले असते. पण मला चांगलं लिहायची सवय आहे. त्याची रागावलेली, आरडाओरडा करणारी वाक्यं मी शांत केली. शिव्या काढून दुःख घातलं. ‘आम्ही त्यांच्या तळमळीचा आदर करतो, तथापि’ अशी सुरुवात केली. त्याचं पत्र कोणी केराच्या टोपलीत टाकलं असतं. माझं पत्र टाकण्यासारखं नव्हतं.

“शाबास,” पादीन म्हणाला. “आनी ते सभेचे कागद दी गो. भजी तळपाक नांवां काढूंक जाय.”

मी फाइलमधून हजेरीचे कागद काढून दिले. भज्यांसाठी नावं लागतातच.

आमच्याकडे पाद्रींच्या बदल्या उन्हाळ्यात होतात, शाळांबरोबर. पाऊस लागल्यावर कोणाची बदली झालेली मी पाहिली नव्हती. या पाद्रीची झाली. एका रविवारी मिस्सेच्या शेवटी त्याने स्वतःच वाचून दाखवलं, गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, साष्टीतल्या कुठल्याशा चर्चमध्ये, आठवड्यात हजर व्हायचं. पुढच्या बाकांवर कोणी हललं नाही. मागे एक बाई रडली. रडणारी तीच, जी लेंटनंतर म्हणाली होती की हा पाद्री फार बोलतो.

दोन दिवसांनी सकाळीच त्याने मला ऑफिसात बोलावलं. पुस्तकं खोक्यांत भरलेली होती. वाटलं टिपणाची वही मागेल. त्याने टेबलावर एक झेरॉक्स ठेवली.

“मला दाखवायची नसते खरं,” तो म्हणाला. “पण दाखवली कोणीतरी.”

माझंच पत्र. टाइप केलेलं. त्याला जोडलेली चार पानं, आणि त्या पानांवर वरच्या तीन बोटं कोऱ्या जागेत आता एक ओळ होती: खाली सही करणारे आम्ही वरील पत्राला पाठिंबा देतो. खाली सह्या. सगळ्यांच्या. भिंतीला टेकवून केलेल्या, एकमेकांच्या पाठीवर केलेल्या. आणि मधोमध मम्मीची, मराठीत, गोल, सावकाश. एवढ्या रोमी सह्यांत ती लांबूनसुद्धा दिसत होती.

पाद्री म्हणाला, “तुझ्या मम्मीला सांग, मी रागावलो नाही. तिच्यावर कोणी दडपण आणलं असेल. एकटी बाई आहे, मी समजतो. फक्त सांग की मी तिच्यासाठी प्रार्थना करीन.”

मी त्याला सांगायला हवं होतं. तिथेच, त्या मिनिटाला. फादर, ही हजेरी आहे. फादर, हे पत्र मी लिहिलंय. दोन वाक्यं. मी म्हणाले, “ओके, फादर.” आणि बाहेर आले.

मम्मीला मी त्याच दुपारी सांगितलं. ती बांधावर बसून पेज खात होती. मी सगळं सांगितलं, क्रमाने, टिपण वाचून दाखवावं तसं. पत्र, चहा, कागद, झेरॉक्स. तिने भांडं खाली ठेवलं.

“माझी सही?” ती म्हणाली. “माझी?”

“हजेरीची.”

“आणि तो समजला मी त्याच्या विरुद्ध सही केली.”

“हो.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“‘ओके, फादर.’”

“अगो, तोंड काय फक्त मिस्सेत वाचन करायला दिलंय तुला?”

ती तशीच उठली, चिखलाच्या पायांनी चर्चपर्यंत गेली. पाद्री निघून गेला होता, गाडी सकाळचीच मागवलेली होती. सांक्रिस्तांवने, म्हणजे चर्चची देखभाल करणाऱ्याने, तिला फरशीवर चढू दिलं नाही, पाय धुऊन ये म्हणाला. ती पायरीवर उभी राहून त्याच्या मोबाइलवरून पाद्रीशी बोलली. काय बोलली ते मला तिने आजवर सांगितलेलं नाही. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली: जेव, छत्री घे, दार लाव. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

फेस्ताचा प्रेजिदेंत, म्हणजे यजमान, यंदा पादीन होता. रिवाजाप्रमाणे तो शेतात उतरून कोयत्याने पहिली कणसं कापणार होता. मम्मीने ते होऊ दिलं नाही. पहाटे आम्ही दोघी उतरलो, वरच्या कुणग्यातली, म्हणजे वरच्या खाचरातली, कणसं कापली, कारण खालच्या कोपऱ्यातलं पीक यंदाही चिखलाखाली पिवळं पडलं होतं, आणि मिरवणूक निघायच्या आत तिने भारा चर्चच्या दारात नेऊन ठेवला. नवा पाद्री सफेद झगा सावरत शेताकडे निघाला होता. मम्मी त्याला म्हणाली, “फादर, आशीर्वाद इथेच द्या. माझ्या शेतात आज कोणी उतरणार नाही.” त्याला काही कळलं नाही. तो तरुण आहे, हसतमुख आहे, त्याला सगळं छान चाललेलं हवं असतं. त्याने तिथेच पाणी शिंपडलं. बँडवाले शेताच्या रस्त्यावर उभे राहून वाट बघत होते, त्यांना परत बोलवायला माणूस पाठवावा लागला. पादीनच्या हातात रेशमी फीत बांधलेला कोयता होता. तो त्याने अख्खी मिस्सा मांडीवर धरून ठेवला.

सप्टेंबरमध्ये सभा झाली. विषय: चर्चचा पट्टा. नव्या पाद्रीने सुरुवातीलाच सांगितलं, “मी कोणाच्या बाजूचा नाही. मला पॅरिशमध्ये एकी हवी.” पादीनने ठरावाचा मसुदा काढला. मग तो म्हणाला की लोकांचं मत काय आहे ते आता वेगळं विचारायची गरजच नाही, आधीच्या पाद्रीविरुद्ध अख्ख्या पॅरिशने सह्या केल्या आहेत, म्हणजे लोकांना रस्ता हवा आहे, आणि इतकंच नव्हे, ज्या बाईचं शेत आहे तिचीसुद्धा सही आहे.

मम्मी उठायला लागली. मी तिच्या आधी उठले. मला आठवतं, खुर्ची मागे सरकली त्याचा आवाज फार मोठा झाला आणि सगळ्यांनी बघितलं. पहिलं वाक्य इंग्रजीत निघालं, कारण घाबरले की माझं तसंच होतं, आणि मागून कोणीतरी म्हणालं, “कोंकणींत उलय गो, मेमसाब.” मग मी कोकणीत बोलले.

“ती सही हजेरीची. सगळ्यांची सही हजेरीची. कागद हांवें फिरयल्लो, तेन्ना वयर कांय बरयल्लें नासलें. आनी तें पत्र इंग्लिशींत हांवें नीट केलें. म्हजी चूक.”

पादीन म्हणाला, “बाय, बस. तुका बरें ना.”

“हांव बरी आसां, पादीन. भजी तळपाक कोणाचीं नांवां काडलीं तीं सांग.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मुलांना कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवणाऱ्या टीचरने विचारलं, “म्हजी सय आसा काय तातूंत?” ट्रकवाला उठला. तो रस्त्याच्या बाजूचा होता, अजूनही आहे. तो म्हणाला, “हांव फादराच्या तोंडार उलयलों. फाटल्यान सय करूंक हांव बायल न्हय.” बाईबद्दलचं ते बोलणं मला झोंबलं, पण त्या दिवशी माझ्या बाजूने बोललेला तो एकटाच.

बाकीच्यांनी काय केलं? काही नाही. चार पानं भरून लोक होते, प्रत्येकाची सही चोरली होती, आणि प्रत्येक जण आपापल्या चपला शोधत होता. मला याचा राग पादीनपेक्षा जास्त आहे. पादीनला निदान काहीतरी हवं होतं.

नव्या पाद्रीने हात वर केले. “झालं ते झालं. जुनं उकरून काय मिळणार? आपण एक प्रार्थना म्हणूया, एकीसाठी.”

“प्रार्थना मागीर, फादर,” मम्मी म्हणाली. “आधी सांगा, सही करणार की नाही?”

तो गडबडला. शेवटी म्हणाला की ज्यांचा विरोध आहे त्यांनी पंधरा दिवसांत लेखी द्यावं, सह्यांसकट. आलं तर तो ठराव थांबवेल आणि प्रकरण वर पाठवेल. नाही आलं तर त्याचे हात बांधलेले आहेत. माझ्या अनुभवात हात बांधलेल्या माणसाला सही करताना काही अडचण येत नाही.

मी पत्र लिहिलं. या वेळी कोकणीत, देवनागरीतही आणि रोमीतही, आणि मथळा आधी घातला. घरोघर गेले. मला अनोळखी दाराची बेल वाजवायला सुद्धा दहा मिनिटं लागतात, आणि ही तर ओळखीची दारं होती, ती जास्त कठीण. टीचरने लगेच सही केली. बाकीच्यांची कारणं मला पाठ आहेत. घरवाला जहाजावर, त्याला विचारून सांगते. पोराला तिकडे सुपरवायझरची नोकरी देणार म्हणालेत. तुझं बरोबर आहे, पण आम्हाला मधे घालू नको. तुझ्या धैर्याचं कौतुक वाटतं हं बाळा. हे शेवटचं तर चार घरांत ऐकलं. कौतुक सगळ्यांकडे होतं, पेन कोणाकडे नव्हतं. चौदाव्या दिवशी माझ्याकडे नऊ सह्या होत्या, त्यात दोन आमच्याच घरातल्या.

त्या संध्याकाळी शेजारची मावशी आली. मागच्या दाराने, नारळाच्या झावळ्यांखालून. हातात झाकलेली ताटली होती, तिच्यात सान्नां, म्हणजे आमच्याकडच्या इडल्या. तिने ती ओट्यावर ठेवली आणि कुजबुजली, “तुवें सांगलें तें बरें केलें हां. सगळीं म्हणटात. पूण तोंडार कोण म्हणपाक ना.”

पंधरा दिवसांचं सगळं माझ्या डोक्यात चढलं. मी मोठ्यांशी असं बोलत नाही. त्या दिवशी बोलले. म्हटलं, “मावशी, सान्नां घेऊन जा. कौतुक पण घेऊन जा. उद्या माझ्या मम्मीचं पाणी बंद होणार आहे आणि तुम्ही मला मागच्या दाराने सांगता सगळे माझ्या बाजूचे आहेत. सगळे असले तर पुढच्या दाराने या.”

मम्मी चुलीपाशी होती. तिने मला गप्प केलं नाही.

मावशी बाहेर पडली. मला वाटलं गेली. घराला वळसा घालून, रस्त्यावरून, समोर पादीनचं घर आहे आणि तिथे बाल्कनीत माणसं बसलेली असतात, त्यांच्या देखत ती आमच्या पुढच्या पायऱ्या चढली आणि दार वाजवलं. दार उघडंच होतं.

“हाड तो कागद,” ती म्हणाली. “पूण वाचून दाखय पयलीं. तेन्ना कोणें वाचूंक ना.”

मी वाचायला लागले. तिला वाचता येतं की नाही हे मी कधी विचारलं नव्हतं, इतकी वर्षं शेजारी राहून. मी सगळं वाचलं: झर, पट्टा, चिखल, हजेरीचे कागद. ‘आमच्या सह्यांचा असा वापर झाल्याने आम्हाला दुःख झालं आहे’ इथे तिने मला थांबवलं.

“दुख्ख कसलें?” ती म्हणाली. “दुख्ख मयताक जाता. आमकां फटयलें. तें बरय.”

मी ती ओळ खोडली आणि वर ‘आम्हाला फसवलं’ असं लिहिलं. तिने पुन्हा वाचायला लावलं, मान हलवली नाही, पेन मागितलं आणि सही केली. जाताना पायरीवर उभी राहून, समोरच्या बाल्कनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “फाल्यां सकाळींच हांव टीचरीच्या भयणीकडेन वतां. ती फाटल्या दारांतल्यान उलयता, पूण हांव तिका फुडल्या दारांत हाडटां.”